दोन आडव्या रेघा

सोमवार, ४

आले एकदाची. बॅगेचं एक चाक स्टेशनाबाहेरच निखळलं, उरलेला रस्ता तिला हट्टी पोराला ओढावं तशी फरफटत आणली. भाऊजी न्यायला आले होते, पण भलत्याच दाराशी उभे राहिले. मग बराच वेळ आम्ही दोघं फोनवर एकमेकांना "मी इथेच आहे" असं सांगत होतो. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाला स्टेशनाचं दार सापडू नये, यावर मी काही बोलले नाही. पहिलाच दिवस आहे.

ताई दारात उभी होती. उभी म्हणजे चौकटीला टेकून. ती म्हणाली मी वाळलेय, मी म्हटलं तू सुटलीयेस. दोघी खोटं बोललो आणि दोघी खूश झालो. मला दिलेली खोली छान आहे. खिडकीखाली लाँड्री आहे, दिवसभर वाफेचा आणि साबणाचा वास वर येतो. टेबल आहे, दिवा आहे, ही वही ठेवायला खण आहे. अजून काय पाहिजे माणसाला!

ताईचा आजार स्नायू हळूहळू दमवत नेणारा आहे. जागेपणी ती आपल्या बळावर श्वास घेते, पण झोप लागली की छातीही झोपते. म्हणून झोपताना तोंडावर मास्क आणि उशाशी मशीन. ते तिच्यासाठी श्वास आत ढकलतं. भाऊजींनी मला ते नवी गाडी दाखवावी तसं हौसेनं दाखवलं. पावाच्या डब्याएवढंच आहे. बटण दाबलं की पडद्यावर दोन आडव्या रेघा येतात, मशीन जरा गरम होतं, मग रेघांच्या जागी हवेचा आकडा दिसायला लागतो. काही बिनसलं तर असं कोकलतं, की एकदा लाँड्रीवाला कुणाचा तरी ओला शर्ट हातात घेऊन तसाच वर धावत आला होता. ताई हे सांगताना इतकी हसली की तिला दम लागला.

उद्यापासून नोकरी. मी इथे आले ते निम्मं नोकरीसाठी, निम्मं हिच्यासाठी. निम्मं-निम्मं म्हणतेय, पण ताईला माहितेय खरा हिशोब.

बुधवार, ६

ऑफिस दाताच्या दवाखान्याच्या वर आहे. खाली ड्रिल सुरू झालं की आमच्या कपातला चहा थरथरतो. माणसं थोडी, खुर्च्या जास्त. आम्ही कंपायलर बनवतो. भाऊजींनी जेवताना तो काय असतो विचारलं, तेव्हा मी सांगितलं की प्रोग्रॅमरनं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा तो दुभाषी, पण आगाऊ दुभाषी. उतरवता उतरवता त्याला जे बिनकामाचं वाटेल ते तो परस्पर छाटतो, म्हणजे काम झटपट व्हावं. भाऊजी म्हणाले, असा एक शिक्षक त्यांच्या शाळेतही आहे.

माझ्याकडे काम आलंय पल्ल्याचं. म्हणजे प्रोग्रॅममधला प्रत्येक आकडा कुठपासून कुठपर्यंत जाऊ शकतो, ते कंपायलरनं आधीच ताडायचं. माणसाचं वय कधी उणे नसतं, मग "वय उणे असेल तर" असं कुणी लिहिलं असेल ते छाटून टाका. अशी गंमत.

आमच्या साहेबांना सगळे मागून टक्केसाहेब म्हणतात, कारण ते सगळं टक्क्यांत मोजतात. चहासुद्धा आज दहा टक्के पातळ असतो. आमचा कंपायलर बाजारात सगळ्यात वेगवान आहे, आणि तो वेग टक्का-टक्का करून त्यांनी स्वतः वाढवलाय. माणूस वाईट वाटला नाही. दुसऱ्या काकू. त्या आमच्या तपासनीस, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक आवृत्तीवर त्यांची सही लागते. वयानं टक्केसाहेबांपेक्षा लहान असून तेही त्यांना काकूच म्हणतात. काकूंनी मला स्वतःची जादा उशी दिली, खुर्च्या कंबर मोडतात म्हणाल्या. मला हे ऑफिस आवडलंय.

सोमवार, ११

आज एक मासा गळाला लागला! सविस्तर लिहिते, कारण घरी कुणाला सांगायची सोय नाही.

शून्याला शून्यानं भागलं तर उत्तर नाही. पण यंत्राला कप्पा रिकामा ठेवता येत नाही, काहीतरी ठेवावंच लागतं. मग ते तिथे नॅन ठेवतं. नॅन म्हणजे "ही संख्या नाही". गंमत अशी की कप्पा असतो संख्येचाच, त्यामुळे चिन्हाची जागा तशीच राहते. नॅनलाही अधिक किंवा उणे असं चिन्ह असतं. घरात कुणी राहत नाही, पण दारावर पाटी आहे, असा प्रकार.

आता आमचे आगाऊराव काय करतात? वर्गमूळ दिसलं की म्हणतात, पल्ला शून्यापासून वर, चिन्ह कायम अधिक. पुढे कुणी "चिन्ह उणे आहे का?" असं विचारलं असेल, तर उत्तर "नाही" असं धरतात आणि "हो" आल्यावर काय करायचं ते सगळं छाटतात. संख्यांपुरतं हे सोळा आणे बरोबर आहे. पण आत उणे चिन्हाचा नॅन गेला, तर वर्गमूळ घेऊनही तो उणे नॅन म्हणूनच बाहेर येतो. मी यंत्रावर करून बघितलं. येतो! म्हणजे प्रश्नाचं खरं उत्तर "हो", आणि "हो"ची वाट आम्ही आधीच बुजवून टाकलेली.

दुरुस्ती अगदी चिमुकली आहे. नॅन येण्याची शक्यता असेल तर चिन्हाबद्दल काही गृहीत धरायचं नाही, बस. संध्याकाळपर्यंत लिहून टक्केसाहेबांकडे पाठवली. घरी येताना ताईसाठी फुलं घेतली. तिनं विचारलं काय विशेष, मी म्हटलं उणे नॅन. ती म्हणाली, बरं.

बुधवार, १३

दुरुस्ती परत आली. खाली एकच वाक्य: यानं वेग अर्ध्या टक्क्यानं घसरतो.

मी जाऊन बोलले. टक्केसाहेबांनी नियमपुस्तक उघडून दाखवलं, की नॅनच्या चिन्हाला काही अर्थ नाही असं छापलंय. मी म्हटलं, अर्थ नाही हे मान्य, पण म्हणून ते अधिकच असतं असं कुठे छापलंय? एखाद्याचा पत्ता माहीत नाही, म्हणून तो आपल्याच घरी राहतो असं होत नाही. ते हसले. छान बोलतेस म्हणाले, आणि शांतपणे सांगितलं की नॅनच्या चिन्हावर विसंबून प्रोग्रॅम लिहिणारा मूर्ख जगात नाही. असला तर चूक त्याची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक त्याची! तो बिचारा विचारतोय "चिन्ह काय?", आणि आपण न बघताच त्याला ठोकून देतोय. बघून "माहीत नाही" म्हणालो असतो तर एक गोष्ट होती. पण जिन्यानं खाली येताना जोरात पाय आपटण्यापलीकडे मी काही करू शकले नाही. दातवाल्या डॉक्टरांनी दार उघडून बघितलं.

शुक्रवार, १५

पुन्हा लिहिली, अर्ध्याचा पाव टक्का केला. पुन्हा परत. दुपारी पुन्हा. मी दगडावर डोकं आपटतेय, आणि दगड मला सांगतोय की आपटण्याचा वेग चांगला आहे.

काकूंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, हे आधी एकदा झालंय. मी यायच्या आधी एका गिऱ्हाइकाची तक्रार आली होती, की छाटणी चालू केली की प्रोग्रॅममधला एक भाग नाहीसा होतो. टक्केसाहेबांनी "चूक तुमची" म्हणून ती मिटवली. तक्रार करणाऱ्या माणसानं पुढे ती नोकरीच सोडली. त्याच्या जागी आलेल्यानं प्रोग्रॅम तपासताना छाटणी बंद ठेवली, सगळं बरोबर आलं, आणि विकताना छाटणी चालू केली. काकू म्हणाल्या, असं सगळेच करतात गं. हे सांगताना त्यांचा चेहरा बरा नव्हता.

तक्रारीतला तो प्रोग्रॅमचा तुकडा मी मागून घेतला. लिहिणारा मूर्ख नव्हता, हुशार होता. हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरकडून दाबातला फरक येतो, त्याचं वर्गमूळ काढून प्रवाह मिळतो. सेन्सर अजून गरम होत असेल तर तो अधिक नॅन पाठवतो, म्हणजे "थांबा, येतंय". सेन्सर मेला असेल, त्यात पाणी गेलं असेल, तर उणे नॅन, म्हणजे "मी गेलो, बोंब मारा". दोघंही "संख्या नाही"च. फरक फक्त चिन्हाचा.

आणि आम्ही चिन्ह बघण्याची ओळच छाटतो. मग उरतं फक्त "थांबा".

गिऱ्हाइकाचं नाव दोनदा वाचलं. तेच नाव ताईच्या उशाशी आहे. मशीनच्या कडेला, निळ्या चिकटपट्टीवर.

शनिवार, १६

जीव भांड्यात पडला. ताईच्या मशीनमधल्या प्रोग्रॅमची आवृत्ती जुनी आहे. काकूंना फोन केला. ही कंपनी आमच्याकडे अलीकडेच आलीये, वेगासाठी. जुनी आवृत्ती दुसऱ्या कुणाच्या कंपायलरनं उतरवलेली आहे. म्हणजे हिच्या मशीनला आमचा हात लागलेला नाही.

तरी मशीनच्या कंपनीला फोन लावला. गाणं ऐकवलं, आणखी गाणं ऐकवलं, मग एक बाई आली. मी तिला कळवळून सांगितलं, की या मशीनवर नवीन आवृत्ती घालू नका. ती मधून मधून "समजलं मॅडम" म्हणत होती. शेवटी तिनं वाचून दाखवलं की माझ्या नावावर "आवृत्तीबद्दल शंका" अशी नोंद केली आहे. मी म्हटलं शंका नाही हो, खात्री आहे. त्यासाठी त्यांच्याकडे कप्पा नाही म्हणाली.

ताईला यातलं काही सांगितलं नाही. भाऊजींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात अजून भात वाढला.

मंगळवार, १९

हसू की रडू! आज मी ऑफिसात असताना मशीनवाला घरी येऊन गेला. कंपनीनंच पाठवला, माझी "शंका" वाचून. भाऊजींनी त्याला चहा दिला. त्यानं नळी उपसून दाखवली, मशीन कोकललं, लाँड्रीवालासुद्धा खालून ओरडला. मग माझ्या समाधानासाठी म्हणून त्यानं ताजी आवृत्ती घालून दिली. फुकट.

भाऊजी हे मला दारातच सांगत होते, खुशीत. मी चप्पल न काढता तशीच आत गेले. पडद्याच्या कोपऱ्यात नवा आकडा होता.

जुनी परत घालता येते का, म्हणून त्या मशीनवाल्याला फोन केला. मागे जाता येत नाही म्हणाला. मी सांगितलं, नळी सुटल्यावर दाब पडतो, तो अलार्म वेगळा. सेन्सर मेल्याचा वेगळा, आणि तो वाजणार नाही. तो म्हणाला, मॅडम, माझ्यासमोर वाजलं ना. भाऊजीही तेच म्हणाले, वाजलं ना. दोघं मिळून एकच वाक्य मला ऐकवत होते. आणि मी! मी फोन केला नसता तर तो आलाच नसता. मी आणलं हे घरात, माझ्या हातानं नंबर फिरवून.

बुधवार, २०

तो तुकडा आमच्या कंपायलरमधून काढला, ताज्या आवृत्तीनं, छाटणी चालू ठेवून. मग यंत्राच्या भाषेत काय उतरलंय ते ओळ न् ओळ वाचलं. अलार्म बंद केलेला नाही. अलार्म दबलेला नाही. अलार्म तिथे नाहीच. ज्या जागी तो असायला हवा तिथे वरची ओळ खालच्या ओळीला गुळगुळीत चिकटली आहे. एखाद्या खोलीचं दार भिंतीत बुजवून वर रंग दिला, की आत कुणी होतं का हे विचारायचीही सोय उरत नाही, तसं.

ऑफिसातल्या यंत्रावरच उणे नॅन घालून चालवलं. पडद्यावर त्याच दोन आडव्या रेघा, आणि हवा ढकलणाऱ्या पंख्याला हुकूम, मंद. थांबा, येतंय. मी जेवून आले तरी येतच होतं.

टक्केसाहेबांना खुर्चीवरून उठवून आणलं. मी सांगितलं, माझी सख्खी बहीण या मशीनवर झोपते. त्यांचा चेहरा उतरला, हे खरं. पण मग त्यांनी पडद्याकडे बघितलं, आणि मला वाटतं त्यांना तिथे खरंच काही दिसलं नाही.

"सेन्सर असा मरत नाही," ते म्हणाले. "असं होतच नाही."

पुढच्या मोठ्या आवृत्तीत बघू म्हणाले.

शुक्रवार, २२

डॉक्टरांकडे गेले. मशीन बदलून द्यायला अर्ज, अर्जाला रांग. तोवर हॉस्पिटलात ठेवा म्हटलं, तर खाटा आजारी लोकांसाठी असतात म्हणाले. मग ही कोण? ही स्थिर आहे. आणि मशीनशिवाय एकही झोप घेऊ द्यायची नाही, हेही मलाच बजावलं. ठीक. म्हणजे त्याच्याशिवाय चालत नाही आणि त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

आता अलार्म मीच. ताई झोपते तेव्हा मी खुर्ची घेऊन पडद्यासमोर बसते. रात्रीही. वही मांडीवर, म्हणजे डोळा लागत नाही. ताई चिडली. मला बघत बसू नकोस गं, कुणी बघत असलं की झोप येत नाही म्हणाली. मी म्हटलं तुला नाही बघत, मशीनला बघते. तरी चिडलीच.

भाऊजींना पाळी वाटून घ्या म्हटलं. हो म्हणाले. पहाटे बघते तर खुर्चीत घोरताहेत. बोलले त्यांना. नको ते बोलले. भला माणूस, खाली मान घालून ऐकत होता.

रविवार, २४

काल झालं.

पहाटे डुलकी लागली असेल— किती, माहीत नाही. डोळे उघडले तर पडद्यावर दोन रेघा. पंखा मंद. खोलीत आवाज नाही. मी नळी धरून गदागदा हलवली. आत पाणी साचलं होतं, थेंब सरकले, आणि आकडा आला. आपोआप. जणू काही झालंच नाही.

वाजलं नाही. ऐकताय का कुणी? वाजलं नाही.

ताई उठली तेव्हा ओठ राखाडी, डोकं ठणकत होतं. म्हणाली, विचित्र स्वप्न पडलं. ती कुठल्यातरी दाराशी उभी होती आणि आतून कुणीतरी मायेनं म्हणत होतं, "थांब हं, येतंय." ती म्हणाली, इतकं गोड म्हणत होतं की मी थांबले.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग मशीनच्या कंपनीला फोन केला. गाणं.

मंगळवार, २६

कंपनी म्हणते, यंत्राच्या नोंदीत बिघाड नाही. कसा असेल? बिघाड लिहिणारी ओळही तिथेच होती, अलार्मच्या शेजारी. ती पण—

टक्केसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, नोंद आहे का?

खुर्ची उचलून फेकावी वाटली. काकूंनी हात धरला.

झोप नाही. अक्षर बघवत नाही माझं मलाच.

बुधवार, २७

नळी दर थोड्या वेळानं सुकवते. भाऊजी आता जागतात, खरंच जागतात. पण त्यांना रेघा दिसल्या की ते म्हणतात गरम होतंय. मी सांगते, गरम फक्त सुरुवातीला होतं. ते म्हणतात, हो, पण कळणार कसं कुठलं ते.

हाच तर— हेच मी सगळ्यांना—

त्यांना एकट्यांना कळलं. भूगोलवाल्यांना!

शुक्रवार, २९

झालं! काकूंनी सही करायला नकार दिला. पेन टेबलावर ठेवून घरी निघून गेल्या. सहीशिवाय आवृत्ती बाहेर जात नाही, सगळं अडलं. टक्केसाहेब दिवसभर बंद दारामागे. संध्याकाळी माझी दुरुस्ती आत घेतली.  डोळे लाल होते. जाताना एवढंच विचारलं, बहीण कशी आहे?

मशीनच्या कंपनीनं लगेच नव्यानं उतरवायला घेतलं. तीच बाई, पण या वेळी गाणं नाही. सांगितलं, आवृत्ती आपोआप येईल, उद्या-परवा, केव्हाही. मशीन आपणच थांबेल, आपणच सुरू होईल. रेघा नेहमीपेक्षा जास्त वेळ दिसतील, घाबरू नका. तेवढ्यात हात लावू नका, प्लग काढू नका, नळी हलवू नका. अर्धवट राहिलं तर मशीन कायमचं जाईल. अजून बरंच काही सांगत होती, दिव्याबिव्याचं. मी हो हो म्हणत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

शनिवार, ३०

आली नाही अजून. जागी आहे. भाऊजी म्हणतात झोप, मी बघतो. नको. शेवटचाच दिवस असेल.

रविवार, दुपार

ताई जेवून झोपली. भाऊजी औषधं आणायला गेलेत. ऊन भिंतीवर. खाली लाँड्रीत कुणीतरी शीळ घालतंय. आकडा नीट आहे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय, लिहीत राहते.

पंखा मंदावला.

दोन रेघा.

आली! आली एकदाची. देवा. आता हात लावायचा नाही. दोन्ही हात वहीवर ठेवते, म्हणजे चुकूनही—

भाऊजींचा फोन आला. सांगितलं, येतेय आवृत्ती, काळजी नको, सावकाश या.

रेघा आहेत. जास्त वेळ दिसतील म्हणाली होती. हिला उठवू का? पण उठली की आधी मास्कच ओढून काढते. दाब गेला की मशीनला नळी सुटल्यासारखं वाटेल, मग अर्धवट— नको. कायमचं जाईल म्हणाली. इतके दिवस काढले, आता एवढ्याशासाठी नको.

ताई शांत झोपलीय. किती दिवसांनी अशी शांत. मी बघतेय तरी चिडली नाही.

दिव्याचं काय म्हणाली होती ती? येत असेल तर दिवा लुकलुकतो असं का? निळा— की नसतो तेव्हा— इथे तर कुठलाच दिवा—

गरम होत असेल. थांबायला हवं. थांबायचंच सांगितलंय. येतंय, येतंय, एवढं

नळीत पाणी आहे का? इथून नीट— हलवू नका म्हणाली

ताई

ताई, चादर का अशी मुठीत धरलीस, सोड ना, बोटं निळी